वजनाचे सोंग आणता येत नाही

अकरावीच्या मुलांना घेऊन आम्ही नगरचे रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो होतो. फराहबागेजवळचे हे संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. युद्धात हाती लागलेला पॅटन, त्याला भारी पडलेला सेंच्युरियन अशी लोखंडी धुडे तिथे ओळीने उभी आहेत. मुलांनी तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढले, रणगाड्याचे वजन किती, तो किती तेल पितो, असे नेहमीचे प्रश्न विचारले. खरा प्रश्न आला तो परतीच्या वाटेवर. पाथर्डीकडे येताना बस करंजी घाटाला लागली होती, मागच्या बाकावर दोघा-तिघांना उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा म्हणाला, "सर, मी घरी कॉम्प्युटरवर सुखोई उडवतो. टेकऑफ, लँडिंग, मिसाइल सोडणं, सगळं जमतं. मला खरं सुखोई दिलं, तर उडवता येईल का हो?"

"नाही रे," असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण 'का नाही' याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शिवाय सैन्यातले वैमानिकसुद्धा आधी सिम्युलेटरवरच शिकतात, हे त्याला ठाऊक होते. मग त्यांच्या सिम्युलेटरमध्ये असे काय असते, जे याच्या टेबलावर नाही? आणि त्यांच्याही सिम्युलेटरमध्ये काय नसते? शोधायला लागलो तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर बव्हंशी अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे, थोडेसे जीवशास्त्राच्या. म्हणूनच ते इथे मांडतो आहे.

पेटीच्या भात्यापासून

सिम्युलेटर या शब्दाला संस्कृतातून जडजंबाल प्रतिशब्द बनवता येईल, पण मला आपला जुना 'सोंग' हा शब्दच नेमका वाटतो. बहुरूपी फौजदाराचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा तो फौजदार नाही हे आपल्याला कळत असते, तरी क्षणभर छातीत धस्स होतेच. सिम्युलेटरचे काम तेच आहे. खोटे आहे हे माहीत असूनही शरीराने आणि मनाने खऱ्यासारखे वागावे, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असते.

पहिले यशस्वी सोंग आणले ते अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी, १९२९ साली. त्यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरवणारा भाता असतो, आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसाच. लिंक यांनी लाकडाचे छोटे विमान असे भाते लावून तोलून धरले. आतल्या माणसाने दांडा हलवला की झडपा उघडत, एका भात्यात हवा भरे, दुसऱ्यातून निघे, आणि विमान कलंडे. वैमानिकी शिकवणाऱ्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सुरुवातीला ही यंत्रे जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणुकीच्या बागांत विकली गेली.

१९३४ साली अमेरिकेत टपाल विमानाने नेण्याचे काम लष्करी वैमानिकांकडे आले. रात्री आणि ढगांत, बाहेरचे काही दिसत नसताना, केवळ समोरच्या तबकड्या पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक अपघातांत मेले. त्याच वर्षी लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. त्यांच्यावर झाकण टाकता येई. झाकण टाकले की शिकणाऱ्याला आकाश दिसत नसे, दिसत फक्त तबकड्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या डब्यात बसून शिकले. लिंकचा डबा खरे विमान वाटतही नसे, तरी एक विशिष्ट गोष्ट तो खऱ्यासारखी शिकवत होता, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

रणगाड्याचे सोंग सोपे का?

आधी आपल्या नगरचेच उदाहरण घेऊ. इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये १९४८ पासून रणगाडादलाचे प्रशिक्षण चालते, आणि खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर प्रत्यक्ष गोळाबारीचा सराव होतो. अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या साहाय्याने जाणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०२० मध्ये याच ठिकाणी झाली. रणगाड्याचा एकेक गोळा महाग, त्यामुळे रणगाडा चालवायला आणि नेम धरायला शिकवण्यासाठी आता जगभर सिम्युलेटर वापरतात.

रणगाड्याच्या तोफचीचा विचार करा. तो बंद लोखंडी पेटीत बसलेला असतो. त्याला रणांगण दिसते ते दुर्बिणीच्या डोळ्यातून, म्हणजे एका चौकटीतल्या चित्रातून. त्या दुर्बिणीमागे खऱ्या माळरानाऐवजी संगणकाने काढलेले माळरान ठेवले, तर तोफचीच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. त्याचे खरे जगही चित्रच असते. चालकाला बसणारे धक्केही असे असतात, की सहा हलत्या पायांवर उभ्या केलेल्या चौथऱ्याने ते बऱ्यापैकी देता येतात. हे सहा पाय पिचकारीसारखे लांब-आखूड होतात, आणि त्यांच्यावरची खोली पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकते, तसेच तिन्ही अक्षांभोवती कलते. ब्रेक दाबल्यावर पुढे जाणारा तोल, खड्ड्यातला दणका, चढावरचे मागे रेलणे, हे सगळे त्यात बसते.

पण हे पाय फार तर मीटर-दीड मीटर सरकणार. विमान धावपट्टीवर अर्धा मिनिट सारखे वेग घेत असते. एवढ्याशा खोलीत अर्धा मिनिट त्वरण कसे दाखवायचे? इथे एक सुंदर लबाडी आहे.

समजा, तुम्ही खिडक्या नसलेल्या खोलीत खुर्चीवर बसला आहात. कोणी ती खोली अगदी हळू मागे कलती केली, २० अंशांनी, पण समोरच्या पडद्यावरचे क्षितिज सरळच ठेवले. तुमची पाठ खुर्चीला दाबली जाईल. २० अंशांची साइन ०.३४ आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग आता तुम्हाला मागे ओढतो आहे. डोळे सांगत आहेत की आपण सपाट जमिनीवर वेगाने पुढे चाललो आहोत, पाठ सांगते आहे की आपल्याला कोणी मागून ढकलते आहे. मेंदू दोन्ही साक्षी जुळवतो आणि निष्कर्ष काढतो: विमान वेग घेत आहे! त्वरण आणि गुरुत्व यांत बंद खोलीतल्या माणसाला फरक करता येत नाही, हे आइन्स्टाइनचे म्हणणे इथे रोज कामाला जुंपलेले आहे. अट एवढीच, की खोली कलती करण्याची गती सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत हवी. त्याहून जास्त झाली तर अंतर्कर्णातल्या नलिकांना ते कळते आणि सोंग उघडे पडते. म्हणून आधी खोलीला पटकन एक छोटा पुढचा धक्का देतात, आणि तो ओसरत असताना तिला हळूहळू मागे कलती करत नेतात.

या लबाडीची मर्यादाही लगेच दिसते. खोली कशीही कलती करा, गुरुत्वाची दिशा बदलल्यासारखी वाटेल, पण त्याचे माप तेवढेच राहील. चौथरा पृथ्वीवर उभा आहे, त्यामुळे आतल्या ६० किलोच्या माणसाला क्षणिक दणके सोडले तर ६० किलोच वाटणार. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही,' अशी आपल्याकडे म्हण आहे. सिम्युलेटरच्या बाबतीत पैशाच्या जागी वजन हा शब्द घाला.

प्रवासी विमानाला ही मर्यादा फारशी अडचणीची ठरत नाही. कोपरगाव तालुक्यात काकडीला २०१७ साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तिथे उतरणारे विमान वळताना फार तर २५-३० अंश कलते. वळणातले भासमान वजन कलाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ३० अंशांची कोसाइन ०.८७, म्हणजे वजन फक्त १५ टक्क्यांनी वाढले. हातातल्या पेल्यातला चहासुद्धा सांडत नाही. म्हणूनच अनुभवी वैमानिकाला नव्या जातीच्या प्रवासी विमानाचे प्रशिक्षण पूर्णपणे सिम्युलेटरवर देता येते, आणि त्या जातीच्या खऱ्या विमानातले त्याचे पहिले उड्डाण प्रवासी घेऊनच होऊ शकते. हे वाचून पुढच्या वेळी विमानात बसताना घाबरू नका. ती व्यवस्था चांगली सिद्ध झालेली आहे.

चार पोती ज्वारी

आता त्या मुलाच्या सुखोईकडे येऊ. सुखोई-३० हे विमान आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधले गेले आहे, आणि २००२ साली ते हवाई दलात समारंभपूर्वक दाखल झाले ते पुण्याच्या लोहगाव तळावर. तेव्हा हे विमान आपल्याला परके नाही.

समजा, ते ताशी ७२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २०० मीटर वेगाने जात आहे, आणि मागे शत्रूचे विमान लागले आहे. वैमानिकाला झटकन वळायचे आहे. वळणाची त्रिज्या काढण्याचे सूत्र फळ्यावर दोन ओळींत मिळवता येते. पंखांवरच्या उचलीचा उभा घटक वजन पेलतो आणि आडवा घटक विमानाला वळवतो. उचल वजनाच्या 'न' पट असेल तर

त्रिज्या = वेग² ÷ (गुरुत्वत्वरण × √(न² − १))

'न' बरोबर २ धरला, म्हणजे विमान ६० अंश कलले, तर त्रिज्या येते सुमारे २३६० मीटर. 'न' बरोबर ७ धरला, तर सुमारे ५९० मीटर. दोन वैमानिकांपैकी ज्याचे वर्तुळ छोटे तो दुसऱ्याच्या पाठीमागे येणार, आणि पाठीमागे आलेला जिंकणार. म्हणून ७ पट, ८ पट, ९ पट. वैमानिकांच्या भाषेत ७ जी, ८ जी, ९ जी.

७ जी म्हणजे काय? ६० किलोच्या माणसाचे वजन ४२० किलो होते. अंगावर ज्वारीची चार पोती, वर आणखी २० किलो. डोके आणि शिरस्त्राण मिळून साडेसहा किलो धरले तर मानेवर ४५ किलो. आणि या अवस्थेत मान वळवून मागे पाहायचे, कारण शत्रू मागे आहे.

पण हाडे-स्नायू हा त्यातला सोपा भाग. रक्ताचे गणित अधिक गंभीर आहे, आणि वर्गात करून घेण्यासारखे आहे. हृदयापासून मेंदूची उंची सुमारे ३० सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटर इतका होतो (रक्ताची घनता पाण्याहून जराशी जास्त, पारा पाण्याच्या १३.६ पट जड). हृदयापाशी सरासरी दाब १०० धरला, तर बसलेल्या माणसाच्या मेंदूपाशी तो ७७ भरतो. आता गुरुत्व 'न' पट झाले की रक्तस्तंभही 'न' पट जड होतो. ३ जी ला मेंदूपाशी उरतात ३१ मिलिमीटर. ४ जी ला ८. त्याच्या जरा पुढे शून्य! डोळ्याच्या बुबुळात स्वतःचाच १५-२० मिलिमीटर दाब असल्याने रक्त आधी डोळ्यात शिरायचे थांबते. म्हणून वैमानिकाला प्रथम रंग फिके दिसू लागतात, मग कडांकडून अंधार येतो, नळीतून पाहावे तसे मधलेच तेवढे दिसते, मग तेही जाते, आणि मग शुद्ध. हे सगळे बसल्या जागी, कसलीही जखम न होता. मेंदूत साठलेला प्राणवायू चार-पाच सेकंद पुरतो, त्यामुळे गुरुत्व एकदम वाढवले तर धोक्याची सूचना न मिळताच शुद्ध हरपू शकते.

मग ७ जी ला वैमानिक जागा कसा राहतो? त्याच्या पोटाभोवती आणि पायांभोवती हवेने फुगणारा पोशाख असतो. तो फुगून रक्त खाली साचू देत नाही, आणि एक-दीड जी ची सवड मिळवून देतो. उरलेले वैमानिकाने स्वतः करायचे. पाय, मांड्या, पोट ताठ आवळायचे, श्वास कोंडायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून घ्यायचा. ही एक प्रकारची कुस्तीच आहे, आणि ती चालू असताना रडार पाहायचे, बोलायचे, निर्णय घ्यायचे. राष्ट्रपती असताना डॉ. कलाम २००६ साली आणि प्रतिभाताई पाटील २००९ साली लोहगावहून सुखोईत बसल्या, तेव्हा त्यांनाही हा पोशाख घालावा लागला होता. प्रतिभाताई तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या.

यातले सिम्युलेटरमध्ये काय येते? जवळजवळ काहीच नाही. काही ठिकाणी आसनातल्या हवेच्या उशा फुगवून दाब दाखवतात, पोशाखही फुगवतात, पडद्याच्या कडा काळ्या करतात. पण रक्त जागेवरच असते. लढाऊ विमानांच्या पुष्कळ सिम्युलेटरना ते सहा पायही नसतात. जे दाखवताच येत नाही त्यावर खर्च कशाला, असा सरळ हिशेब. वजनासाठी वेगळे यंत्र लागते, ते म्हणजे सेंट्रिफ्यूज. लांब हाताच्या टोकाला माणसाला बसवून गरगर फिरवायचे. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये असे यंत्र आहे, आणि आपल्या लढाऊ वैमानिकांचे प्रशिक्षण त्यावर होते. मुलांना गणित घालायला हरकत नाही: हाताची लांबी ८ मीटर धरली तर ९ पट त्वरणासाठी मिनिटाला किती फेरे? (उत्तर सुमारे ३२. वाटते त्यापेक्षा कमी, नाही?) म्हणजे लढाऊ उड्डाणाचे सोंग दोन तुकड्यांत आणावे लागते. एका खोलीत डोळे आणि बुद्धी, दुसऱ्या खोलीत रक्त आणि स्नायू. दोन्ही खरे एकत्र येतात ते आकाशातच.

जी लबाडी शिकवते, तीच मारते

शोधताना मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते पुढच्या गोष्टीने.

मघाची कलती खोली आठवा. मेंदू कलण्याला त्वरण समजला. आता हेच उलटे करा. अमावास्येची रात्र, खाली वाळवंट, एकही दिवा नाही. लढाऊ विमान धावपट्टी सोडून अर्धा जी त्वरणाने वेग घेत आहे. वैमानिकाचे अंतर्कर्ण गुरुत्व आणि त्वरण यांची बेरीजच जाणते. ती बेरीज उभ्या रेषेपासून सुमारे २७ अंश मागे झुकलेली आहे. बाहेर क्षितिज दिसत असते तर मेंदूने भूल सुधारली असती. ते दिसत नाही. म्हणून या वेळी मेंदू त्वरणाला कलणे समजतो. वैमानिकाला ठाम वाटते की नाक फार वर गेले. तो दांडा पुढे ढकलतो. विमान खाली वळून आणखी वेग घेते, तशी नाक वर असल्याची जाणीव आणखी पक्की होते. जमीन काही सेकंदांवर असते.

सिम्युलेटर ज्या भ्रमावर चालतो, तोच हा भ्रम. तिथे तो शिकवतो, इथे तो घात करतो.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून गेले. हवाई दलाच्या चौकशीत वैमानिकाच्या दिशाभ्रमाकडे बोट दाखवले गेले. त्यांच्या आईवडिलांना, कविता आणि अनिल गाडगीळ यांना, ते मान्य झाले नाही, आणि मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी पुढे अनेक वर्षे लावून धरला. त्या रात्री काय झाले याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण 'दिशाभ्रम' हा शब्द वाचून आपल्याला वैमानिकाचा हलगर्जीपणा वाटतो, तो तसा नाही, एवढे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने मुलांना जरूर सांगावे. निरोगी कानाला हा भ्रम व्हायलाच हवा. झाला नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जायला हवे! त्या काळात आपले नवे वैमानिक हळू चालणाऱ्या किरण विमानावरून थेट मिग-२१ वर जात, मधली पायरीच नव्हती. ती पायरी म्हणून हॉक विमाने आली २००८ साली. मिग-२१ आता सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले आहे.

या भ्रमावर उपाय एकच: शरीर काय सांगते ते ऐकायचे नाही, तबकडीवरचे कृत्रिम क्षितिज सांगेल ते करायचे. आणि हे मात्र सिम्युलेटर उत्तम शिकवतो. लिंकच्या झाकण घातलेल्या डब्याने हेच शिकवले होते.

वर्गात याची चुणूक दाखवता येते. फिरती खुर्ची घ्या. मुलाने डोळे मिटून, मान सरळ ठेवून बसायचे आणि ज्या दिशेने आपण फिरतो आहोत असे वाटते तिकडे अंगठा दाखवायचा. खुर्ची सावकाश, एकसारख्या गतीने फिरवा. विसेक सेकंदांनी तो 'थांबलो' असे दाखवील, खुर्ची तर फिरतेच आहे. मग ती हळूच थांबवा. आता तो उलट्या दिशेने फिरत असल्याचे दाखवील, आणि बाकीचा वर्ग हसू लागेल. (खुर्ची धरायला दोघे हवेत, आणि प्रयोग जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच नको.) अंतर्कर्णाच्या नलिकांतला द्रव सुरुवातीला मागे राहतो, मग नलिकेबरोबर फिरू लागतो, आणि थांबल्यावर पुढे वाहत राहतो. पाणी भरलेली बादली फिरवून थांबवली तर आतले पाणी करते तसेच.

घाटात मुलांना झालेल्या उलट्यांचे कारणही इथेच आहे. कान म्हणतो वळलो, डोळे समोरच्या बाकाकडे पाहत म्हणतात जागेवरच आहोत. सिम्युलेटरमध्ये नेमके उलटे असते, डोळे म्हणतात गिरकी घेतली, कान म्हणतो छे! तिथेही पोटात ढवळते. गंमत म्हणजे खऱ्या विमानात मुरलेल्या वैमानिकांना हा त्रास नवशिक्यांपेक्षा जास्त होतो, कारण कानाने काय सांगायला हवे होते हे त्यांना माहीत असते.

डोळ्यांचे आणि शत्रूचे

डोळ्यांचे सोंग तरी पूर्ण उतरते का? निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा कळतो. कागदावर एक मिलिमीटरचा ठिपका काढून साडेतीन मीटरवरून पाहा, तो एवढाच दिसतो. १५ मीटर पंखांचे विमान १० किलोमीटरवर सुमारे पाच कलांचे दिसेल. आता घरच्या पडद्यावर ९० अंशांचे दृश्य १९२० बिंदूंत बसवलेले असते, म्हणजे एका बिंदूला जवळजवळ तीन कला. खऱ्या आकाशात ज्याला पंख आहेत हे ओळखू येते, ते पडद्यावर दोन बिंदू होऊन बसते. संपूर्ण आकाशगोल डोळ्याच्या बारकाव्याने भरायचा तर सुमारे १५ कोटी बिंदू लागतील. लष्करी सिम्युलेटर घुमटाकार पडद्यावर अनेक प्रक्षेपक लावून तिकडे सरकत असतात.

याउलट, आजचे हवाई युद्ध बरेचसे नजरेच्या पलीकडे होते. शत्रू म्हणजे रडारच्या पडद्यावरचे एक चिन्ह. इथे वैमानिकाची स्थिती नगरच्या तोफचीसारखी होते. त्याचे खरे जगच चित्र असते, म्हणून त्याचे सोंग हुबेहूब आणता येते. दहा कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या, इंधन किती उरले, सोबत्याला काय सांगायचे, इंजिनाला आग लागली तर काय करायचे, हे सारे सिम्युलेटरवर खऱ्याइतके, काही बाबतींत खऱ्याहून चांगले शिकता येते. इंजिनाला मुद्दाम आग लावून कोणी शिकवत नाही. घरच्या खेळांनाही यात वाटा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन नौदलाने आपल्या शिकाऊ वैमानिकांना बाजारात मिळणाऱ्या खेळाचीच सुधारलेली आवृत्ती सरावासाठी दिली होती.

फक्त त्या चिन्हामागचे रडार किती लांब पाहते, क्षेपणास्त्र किती वळते, हे आकडे गुपित असतात. खेळ बनवणारा ते अंदाजाने भरतो. १९८८ साली अमेरिकेच्या गुप्त विमानावर एक गाजलेला खेळ निघाला, त्यातले विमान गोलाईदार, गुळगुळीत कडांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस खऱ्या एफ-११७ चे चित्र जाहीर झाले. ते निघाले कागदाच्या घड्या घालून केल्यासारखे, सगळे सपाट पृष्ठभाग आणि कोन. खेळ छानच होता, पण तो त्या विमानाविषयी काहीही शिकवत नव्हता.

आणखी एक घटना. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत एका अनुभवी एफ-१६ वैमानिकाची संगणक-प्रणालीशी सिम्युलेटरमध्ये झुंज लावली. संगणकाने पाचही डाव जिंकले. बातमी जगभर गाजली. पण संगणक जिंकत होता तो समोरासमोर अंगावर धावून जाऊन, अगदी शेवटच्या क्षणी गोळीबार करून. खऱ्या सरावात टक्कर होऊ नये म्हणून असा हल्ला करायला बंदी असते. शिवाय शत्रू कुठे आहे हे संगणकाला दर क्षणी अचूक कळत होते. जिथे मरण नाही, रक्त नाही आणि धूसर काही नाही, तिथल्या लढाईत तो जिंकला. अशा लढाईतले शौर्य मोजायचे कसे, मला समजत नाही.

सोंग अपुरे असले तर चालते. चुकीचे असेल तर मात्र ते जिवावर बेतू शकते. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या एका एअरबस विमानाची शेपटी हवेत मोडली आणि २६५ माणसे मेली. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने सुकाणूचे पायटे जोरजोराने डावे-उजवे दाबले होते. तपासात कारणांमध्ये कंपनीच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख झाला. तिथे सिम्युलेटर असा भोवरा वास्तवापेक्षा फारच भयंकर दाखवत होता, आणि पायटे दाबायला उत्तेजन मिळत होते. सिम्युलेटरमधल्या विमानाची शेपटी काही मोडत नाही.

त्या मुलाला मी हे सारे दोन तासिकांत सांगितले. रक्तस्तंभाचे गणित त्याने माझ्याआधी सोडवले. मग विचारले, "सर, म्हणजे मला विमान सुरू करता येईल, कदाचित वरही नेता येईल. पण पहिल्या कडक वळणात माझे डोळे जातील, आणि रात्र असेल तर त्याच्याही आधी मी जमिनीवर. असंच ना?"

"असंच," मी म्हणालो.

आता घरी रात्रीचे उड्डाण करताना तो बाहेरचे दृश्य बंद करतो आणि फक्त कृत्रिम क्षितिजावर विमान उतरवायचा सराव करतो, असे त्याने परवा सांगितले. सातव्या खेपेला जमले म्हणे.